गादीवाल्याने भरलेले खोगीर

मित्रांनो, मी एक जुने खोगीर आहे. किती जुने ते विचारू नका. माझ्या कातड्यावर इतक्या सुरकुत्या आहेत की मोजणारा मध्येच आकडा विसरेल. पण आठवण मात्र शाबूत आहे. काल दुकानात कोण आले होते ते मला धड सांगता येणार नाही, पण साठ वर्षांपूर्वी कोणाच्या कोटाचे कितवे बटण तुटलेले होते ते विचारा, लगेच सांगेन. म्हातारपणी असेच होते म्हणतात.

माझा जन्म एका कारागिराच्या ओसरीवर झाला. आधी लाकडाचा सांगाडा, मग त्यावर ताणून बसवलेले कातडे, आणि खालच्या बाजूला मेंढीच्या लोकरीने भरलेल्या दोन लांबट गाद्या. त्या दोन गाद्यांच्या मध्ये त्याने एक सरळ पोकळी ठेवली, छपराच्या पन्हळीसारखी. काम शिकणाऱ्या पुतण्याने विचारले, "काका, इथं भरायचं राहिलं का?" तेव्हा तो म्हणाला, "राहिलं नाही, राखलंय. घोड्याचा कणा तिथं येतो. कण्यावर काही टेकता कामा नये." मी हे ऐकले होते. ऐकून विसरलेही. नव्या वस्तूंना आपल्या चकाकीपुढे दुसरे काही सुचत नाही.

माझे पहिले मालक डॉक्टर होते. घोड्यावर बसून गावोगावच्या रोग्यांना बघायला जायचे. नऊ वर्षे मी त्यांच्याबरोबर उन्हातान्हात हिंडले. मग त्यांनी मोटार घेतली. घोडा विकला, आणि मला माळ्यावर टाकले. तिथे एका कोंबडीने माझ्यावर अंडी घातली, हाच काय तो त्या काळातला माझा उपयोग. पुढे एकदा जुन्या गाद्या पिंजून भरायला न्यायला गादीवाला आला, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हेही घेऊन जा हो. नुसती अडगळ झालीय."

अशी मी गादीवाल्याच्या घरी आले. घरात तो, त्याची बहीण आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी. मुलगी एका जागी क्षणभर ठरायची नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. आई लहानपणीच गेली होती. आत्याने तिला वाढवले होते, आणि आत्याची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती. आणि चौथी होती उशी.

उशी म्हणजे गादीवाल्याची घोडी. पांढरी, गुबगुबीत, गाद्यांची गाडी ओढणारी. सगळे आयुष्य तिने गाद्या पोहोचवल्या होत्या. भिंगरीने मला तिच्या पाठीवर घालून पहिल्यांदा रस्त्यावर नेले, तेव्हा उशी दर चार दारांआड थांबायची. जिथे जिथे गादी दिली होती ते प्रत्येक दार तिला पाठ होते. शेजारचा केस कापणारा दुकानातून ओरडायचा, "काय गं भिंगरे, गादी पोचवतेस की घोडदौड करतेस?"

"दोन्ही!" भिंगरी ओरडायची. "तुमच्या दारात थांबत नाही ना? कारण तुम्ही अजून चटईवरच झोपता!"

आमच्या गावात दरवर्षी शाळेच्या मैदानावर हौशी स्वारांची स्पर्धा व्हायची. भिंगरीला त्यात उतरायचे होते. पण अडचण अशी की वीस वर्षांवरच्या घोड्याला तिथे उतरू देत नसत, आणि उशीला नुकतीच वीस पूर्ण झाली होती. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. भिंगरीला बक्षिसाची हाव नव्हती. तिला एवढेच हवे होते की जिला गाव 'गादीवाल्याची झोपाळू घोडी' म्हणून हसते, ती एकदा मान वर करून सगळ्यांसमोर चालावी. हे तिने कोणाला सांगितले नव्हते. उशीला खरारा करताना तिच्या कानात सांगितले, तेव्हा मी खुंटीवर होते.

सहा आठवडे तयारी चालली. सकाळी शाळेआधी चाल, संध्याकाळी दुडकी, मग जमिनीवर ठेवलेल्या तीन वाशांवरून पाय न लावता जायचे. पहिल्या आठवड्यात उशी वाशापाशी थांबून त्याचा वास घ्यायची. पाचव्या आठवड्यात न बघता ओलांडू लागली. आत्याने काळ्या कापडाचा कोट शिवला. अस्तराला मात्र गादीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड लावले.

"आत्या, पट्टे दिसतील ना!"

"आतून आहेत. तुझा कोट आतून बघायला कोण येतंय?"

मी त्या दिवसांत दिसायला अगदी गबाळी होते. लोकर चपटी झालेली, कातडे खरबरीत. पण उशीच्या पाठीवर मी नीट बसत होते. एकमेकींची सवय झाली होती आम्हाला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी उशीला आंघोळ घातली आणि विश्रांती दिली. भिंगरी शाळेत गेली. तेव्हा गादीवाल्याने मला खुंटीवरून काढले.

मित्रांनो, त्या माणसाच्या हातांबद्दल मला सांगायलाच हवे. चाळीस वर्षे कापूस पिंजलेले हात ते. गादी भरून झाली की तो डोळे मिटून तिच्यावरून तळवा फिरवायचा. कुठे गाठ, कुठे उणे, सगळे त्याला तळव्याने कळायचे. आणि गादीत त्याला सर्वांत जास्त चीड होती ती मधल्या खड्ड्याची. 'मध्ये खड्डा पडलेली गादी म्हणजे गादीवाल्याच्या तोंडाला काळं,' असे तो म्हणायचा. त्याने मला उलटे केले, माझ्या पोटावरून तळवा फिरवला, आणि मधोमध त्याला काय लागले?

खड्डा.

"अरेरे," तो हळहळला. "पोर सहा आठवडे यावर बसतेय, आणि मला दिसलं नाही."

मग त्याने पेटीतला सर्वांत चांगला कापूस काढला. जुनी लोकर राहू दिली, वर कापूस चढवला, आणि ती पन्हळ ठासून भरली. वरून जाड कापड ताणून शिवून टाकले. सबंध दुपार त्यात गेली. दोन गिऱ्हाइकांना परत पाठवले. कातड्याला तेल चोळले. आत्या दारात उभी राहून बघत होती. "खोगीरभरती म्हणतात ती हीच का रे दादा?"

"हस तू. उद्या बघ, ढगावर बसल्यासारखं वाटेल तिला."

आणि मी? मी फुगले होते, आतून आणि बाहेरून. इतक्या वर्षांनी कोणीतरी माझ्यासाठी सबंध दुपार घालवली होती. भिंगरी शाळेतून आली, तिने मला पाहिले आणि बाबांच्या गळ्यात पडली. "बाबा, नवंकोरं केलंत!" त्या कारागिराचे शब्द मला तेव्हा आठवायला हवे होते. आठवले असते तरी सांगणार कशी होते म्हणा. खोगिराला तोंड नसते.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी भरले होते. आमच्या गटात सात जोड्या होत्या. गादीवाला मला काखेत धरून इतर स्वारांना दाखवत होता. "हात लावून बघा. दाबा, दाबा. आहे का कुठे खड्डा?" लोक दाबत होते आणि वाहवा करत होते.

मग मला उशीच्या पाठीवर घालून तिच्या पोटाखालून जाणारा पट्टा, म्हणजे तंग, आवळला. भिंगरी चढली. त्या क्षणी माझ्याखाली उशीची पाठ दचकून खाली गेली. तिने कान मागे टाकले, शेपटी झटकली. दोन पावले चालली आणि थांबली. भिंगरीने टाच लावली तर तिने मान वळवून माझ्यावर दात विचकले. वीस वर्षांत ती कधी कोणाला चावली नव्हती.

"गर्दी बघून बावरलीय," आत्या म्हणाली.

"वय झालं," कुंपणापाशी कोणीतरी म्हणाले. "झोपेतून उठवलं असेल." चारजण हसले.

भिंगरी उतरली. तंग सैल केला आणि माझ्या खाली हात घातला. माझ्या पोटाच्या मधोमध, जिथे काल पोकळी होती, तिथे आता दगडासारखा कडक कापूस होता, आणि तो बरोबर उशीच्या कण्यावर टेकला होता. भिंगरीचा हात तिथेच थांबला. तिला कळले. आणि मलाही, मित्रांनो, तेव्हाच कळले की टोचणारी मी आहे.

तिने बाबांकडे पाहिले. ते अजून कोणाला तरी कापसाची जात समजावून सांगत होते. इतका आनंद तिने त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. आमच्याआधी तीन जोड्या होत्या. पाच मिनिटांची तर स्पर्धा. उशीने पाच मिनिटे सोसले असते, तिने आयुष्यभर सोसलेच होते. भिंगरीने तंग पुन्हा हातात घेतला. एक भोक आवळले.

मग सोडला. मला उचलून खाली गवतावर ठेवले.

"काय गं, उतरवलंस का?" गादीवाला धावत आला. "आपला नंबर येईल आता!"

"बाबा, उशीला दुखतंय."

"दुखेल कसं? मी स्वतः भरलंय."

तिने बाबांचा हात धरला आणि उशीच्या पाठीवर ठेवला. कण्यावरची जागा गरम झाली होती, केस उलटे झाले होते. त्याचा तळवा तिथून फिरला तशी उशीची कातडी थरथरली. गादीवाल्याने सवयीने डोळे मिटले.

"तो खड्डा," तो म्हणाला, "तो हवा होता?"

"हो, बाबा."

"मग काल का नाही बोललीस?"

"मलाही आत्ताच कळलं. आणि... तुम्ही किती खुशीत होतात."

"वेडी आहेस," तो म्हणाला. "माझ्या खुशीसाठी हिची पाठ मोडायची का?" त्याने खिशातून शिवण उसवायची पाती काढली आणि तिथेच गवतावर मांडी घालून माझे पोट उसवायला घेतले. मूठमूठ कापूस बाहेर येऊ लागला. वारा होता. कापूस मैदानभर उडाला, पंचांच्या टेबलावर गेला, एका घोड्याच्या कानावर बसला. लोक हसून लोळायचे बाकी राहिले. "गादीवाल्याच्या खोगिराचं पोट फुटलं!" गादीवाल्याने मान वर केली नाही. आत्या मात्र कंबरेवर हात ठेवून हसणाऱ्यांकडे वळली. "हसा हसा! रात्री झोपायला आमच्याच गादीवर जाल ना?"

शिवायला वेळ नव्हता. सुटलेले कापड आत्याने दोन दोऱ्यांनी कसेबसे बांधले. आधी साज तपासायचा असे. पंचबाईंनी मला उलटून पाहिले. "हे उसवलेलं आहे. याचे गुण जातील."

"चूक माझी आहे बाई," गादीवाला पुढे होऊन म्हणाला. "पोरीनं ओळखली. मीच नको तिथं भरलं होतं."

पंचबाईंनी माझ्या पोकळीतून बोटे फिरवली, उशीच्या पाठीकडे पाहिले, आणि गुण कापले. नियम तो नियम. पण म्हणाल्या, "जा मुली. सावकाश जा."

आम्ही गेलो. चाल झाली, दुडकी झाली. दुडकीत कोटाचे टोक उडाले आणि गादीचे पट्टे सगळ्या गावाला दिसले. पहिला वासा, दुसरा वासा. तिसऱ्याला उशीचा मागचा खूर हलकेच लागला. पण तिची मान वर होती, कान पुढे होते. माझ्याखाली तिची पाठ मऊ लाटेसारखी वरखाली होत होती, आणि माझ्या मधून वारा वाहत होता. कुंपणापाशी आता कोणी हसत नव्हते.

आमचा चौथा नंबर आला. बक्षिसाच्या फिती पहिल्या तिघांनाच होत्या.

परतताना भिंगरी मला उशीवर ठेवू लागली, तर गादीवाला म्हणाला, "आण इकडे." त्याने मला स्वतःच्या पाठीवर घेतले. गावातून सबंध वाट तो मला घेऊन चालला, मागून भिंगरी आणि आत्या, आणि सर्वांत मागे मोकळ्या पाठीची उशी. केस कापणाऱ्याने विचारले, "हे काय, आज घोडी तुम्ही का?"

"आज मीच," तो म्हणाला. "कुठे टोचतं ते बघतोय."

त्यानंतर उशीवर मी कधी चढले नाही. ती अजून पाच वर्षे अंगणात सुखात राहिली. भिंगरीचे केस आता उशीसारखे पांढरे झाले आहेत आणि दुकान ती चालवते. मी भिंतीवर असते. कधी महिनोन्महिने कोणी बघत नाही, कधी एखादे मूल येऊन माझ्या रिकिबीत पाय अडकवते. कातडे कोरडे पडले की तडकते, म्हणून वर्षातून एकदा तरी तेलाचे बोट लावावे, एवढे मागणे माझे आहेच. ते काही मोठे नाही.

मोठे मागणे वेगळे आहे, मित्रांनो. तुम्ही कोणाच्या गळ्यात पट्टा घालाल, कोणाला गाडीला जुंपाल, कोणाच्या खांद्यावर आपले दप्तर द्याल. तुमच्या मनात माया असेल, तुम्ही सर्वांत चांगला कापूस वापराल. तरी एकदा खाली हात घालून बघा. ज्यांना बोलता येत नाही ते सांगू शकत नाहीत, आणि ज्यांना बोलता येते ते पुष्कळदा तुमच्या तोंडावरचा आनंद बघून गप्प बसतात.