चार मिनिटं सोळा सेकंद

मी एक चुकणारं घड्याळ बोलतोय. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला तोंडघशी पाडायला नको.

तसा मी बिघडलेला नाही. माझ्या पोटात ना स्प्रिंग, ना सेल. भिंतीतून येणाऱ्या विजेवर मी चालतो. ही वीज एका सेकंदात पन्नास हेलकावे खाते. ते मी मोजतो आणि पन्नास भरले की सेकंदकाटा एक घर पुढे टाकतो. लोकांनी विजेची ओढ वाढवली आणि वीजघरं कमी पडली, की हेलकावे मंदावतात. अगदी किंचित. पण दिवसभरात माझे पंधरा-सतरा सेकंद मागे पडतात. म्हणजे चूक माझी नसते, मी ती फक्त दाखवतो. निदान माझी तशी समजूत आहे. आयुष्यभर ती धरून बसलोय, आणि तरीही रोज स्वतःला विचारतो, ही नुसती सबब तर नाही ना?

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला, तोही जुळ्याचा. दोन शेजारी देशांच्या संशोधकांनी आम्हा दोघा भावांना मुद्दाम बनवून घेतलं होतं. पलीकडच्या देशात डोंगर आणि नदी, इकडे कोळसा. उन्हाळ्यात बर्फ वितळलं की त्यांच्याकडे वीज उतू जायची, हिवाळ्यात नदी रोडावली की आमची वीजघरं त्यांना हात द्यायची. सीमेवरून एक लाइन टाकून दोन्ही देश जोडले आणि तीन वर्षं मिळून अभ्यास करायचा ठरलं: अशा जोडण्यानं दोघं जास्त सुरक्षित होतात, की एकमेकांचे ओशाळे होतात? उत्तर चांगलं आलं तर आणखी दोन लाइन. वाईट आलं तर आहे तीही तोडायची.

एकदा लाइन जोडली की दोन्हीकडच्या विजेचे हेलकावे एकच. त्यामुळे भाऊ तिकडे सात सेकंद मागे, तर मीही इकडे सातच. यात फरक पडूच शकत नाही. टेबलावरच्या मीटरचा काटा इतका जाड, की एवढा बारीक मंदावा त्या जाडीतच दडून जायचा. म्हणून आम्ही. आम्ही मागे पडलो, की दोन्ही देशांनी वीजघरं जरा जोरात चालवून तेवढं भरून काढायचं, असा करार होता.

मला नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर टांगलं, आणि नेमकं माझ्या शेजारी दुसरं घड्याळ. त्याला रेडिओवरून बरोबर वेळ आयती मिळायची. आयतं खाणाऱ्याची ऐट काय वर्णावी! मी तीन सेकंद मागे असलो की ते माझ्याकडे असं बघायचं, जसं वर्गातलं पहिल्या नंबरचं पोर नापासाकडे बघतं.

रोज सकाळी आठला आमच्या ताई, म्हणजे कक्षाच्या मुख्य इंजिनिअर, पलीकडे फोन लावायच्या. तिकडे असायचे काका. हे त्यांचं नाव नव्हे, पण वय आणि खोकला दोन्ही काकांचे होते.

"बोला काका, किती मागे?"

"आधी तू सांग. माझं उत्तर ऐकून लिहिशील."

"तीन सेकंद."

"तीन. पास झालीस. लेकीच्या परीक्षेचं काय?"

"ती तुमच्यासारखीच. आधी दुसऱ्याचं उत्तर विचारते."

तीन वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तरी काकांचा गुडघा कधी दुखतो, हे ताईंना घरच्या माणसांच्या आधी कळायचं.

कक्षाची झाडलोट, चहापाणी आणि काचांची पुसापुशी मामा बघायचे. तीस वर्षांची नोकरी, शिस्तीचा माणूस. अभ्यास संपायला थोडेच दिवस उरले असताना काही पाहुणे कक्ष बघायला आले. त्यातल्या एकानं माझ्याकडे आणि शेजाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "वा! दोन देश जुळवायला निघालेत, आणि एका भिंतीवरचे दोन सेकंदकाटे जुळेनात!"

सगळे हसले. ताईंचे वरिष्ठ, साहेब, तेही हसले. ताई समजावून सांगायला लागल्या, पण तोवर पाहुणे पुढे गेले होते. मामा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मामा स्टुलावर चढले. माझा काटा थोडा पुढे सरकवला, प्लग काढला, शेजाऱ्याची वाट पाहिली आणि दोघं जुळताच प्लग लावला. "आता हसा म्हणावं," असं पुटपुटत फडक्यानं माझी काच पुसली.

आता खरं सांगतो. मला बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी बरोबर होतो. शेजाऱ्याकडे मान वर करून पाहिलं. आपण काय करून बसलोय, याचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो पुढे ढकलला.

आठला ताई म्हणाल्या, "शून्य. रात्रीत भरून निघालं वाटतं."

"शून्य?" काका म्हणाले. "माझ्याकडे वीस."

"चष्मा पुसा, काका."

"पुसूनच सांगतोय."

दुसऱ्या दिवशी शून्य आणि छत्तीस. मग शून्य आणि त्रेपन्न. मामा रोज मला जुळवत होते. थंडी वाढत होती, दोन्हीकडे विजेची ओढ वाढत होती, आणि काका रोज सांगत होते, "ताई, दोघांनाही वीजघरं वाढवायला हवीत. घड्याळ खोटं बोलत नाही." इकडे साहेब म्हणत, "डाव आहे. आपला कोळसा जाळून घ्यायचाय त्यांना. आपलं घड्याळ चोख चाललंय की!"

ताईंनी दहा दिवस काकांची बाजू धरली. भिंतीवर पाहायच्या, मी बरोबर. किती वेळा डोळे वर करून पाहायच्या त्या! मला वाटायचं, अडकून बसावं, काटा मोडावा, काहीतरी करावं. जुनी घड्याळं अडकतात, त्यात नवल ते काय? पण मी चालत राहिलो. अकराव्या दिवशी त्यांनी पत्रावर सही केली: पलीकडचं घड्याळाचं वाचन विश्वासार्ह नाही. सही करून त्यांनी पेन इतक्या लांब सरकवलं, की ते टेबलावरून पडलं.

पत्रावरून ठरलं, की पंधराव्या दिवशी अकरा वाजता बैठक आणि लाइन तोडायचा निर्णय. त्या थंडीत लाइन तुटली असती तर आधी त्यांच्याकडे अंधार आणि त्या हिसक्यानं मागोमाग आमच्याकडे. दवाखाने, पाण्याचे पंप, सगळंच. हे ताईंच्याच अभ्यासात लिहिलेलं होतं. पण आकड्यांवरचा विश्वास उडाला, की अभ्यास कोण वाचतो?

पंधराव्या दिवशी ताईंना घरी चैन पडेना. त्या सव्वासातलाच आल्या आणि येरझाऱ्या घालून वैतागल्यावर बाहेर चहा प्यायला गेल्या. परतल्या तेव्हा मामा स्टुलावर होते, हातात माझा प्लग.

"मामा, काय करताय?"

"काही नाही ताई. हा जरा मागे पडतो ना, जुळवून ठेवतो."

"जुळवून... रोज?"

"ते पाहुणे हसले ना, तेव्हापासून. तुम्हाला कुणी हसलेलं मला नाही खपत."

त्या ओरडल्या असत्या तर मामांना सोपं गेलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मामा, त्याचं मागे पडणं हेच त्याचं काम होतं हो."

मामा स्टुलावरून उतरले.

साहेब आले. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावलं. "पत्र तुमच्या सहीचं आहे. आता मागे घेतलंत तर लोक म्हणतील, यांना भिंतीवरचं घड्याळ सांभाळता येत नाही, हे काय विजेचा अभ्यास करणार! तीन वर्षं पाण्यात जातील. तुटू दे लाइन. उन्हाळ्यात बघू."

"उन्हाळ्यापर्यंत कोण काढतंय, साहेब?"

"ताई, अक्कलहुशारीनं घ्या."

"तेच करतेय. जरा फोनपासून बाजूला होता का?"

आठ वाजले होते. पलीकडून खोकला ऐकू आला.

"काका, चूक आमची. आमच्याकडे घड्याळ रोज हातानं जुळवलं जात होतं. मला माहीत नव्हतं. पण सही माझी आहे."



"तुझं पत्र इथे पोचलं," काका म्हणाले. "मला या खुर्चीवरून हलवलंय. आजचं हे माझं शेवटचं वाचन."

"मी लेखी देते. आत्ता देते."

"दे. माझं काही व्हायचं नाही त्यानं. लाइनसाठी दे." मग खोकून, "लिहून घे. चार मिनिटं सोळा सेकंद."

"काका..."

"आणि आज मी आधी सांगितलं बरं का. लिहिलंस माझं बघून."

ताईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्यावरचा हात काढला नाही. मग मामांना म्हणाल्या, "चढा. चार मिनिटं सोळा सेकंद मागे."

मामांनी काटे मागे फिरवले. बोटं एकदा पुढेच गेली, पुन्हा मागे घेतली. शेजारचं घड्याळ बघत होतं. बघू दे.

ताई कागद घेऊन बैठकीला गेल्या. मी भिंतीवर. बैठकीत काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण लाइन तुटली असती तर मला सगळ्यात आधी कळलं असतं. अंगातून वाहणारी वीज हिसका देते. अकरा वाजले. अकरा दहा. हिसका आला का? नाही. आता येईल. मी एकेक हेलकावा मोजत होतो. मिनिटामागे अर्धाएक कमीच भरत होता. साडेअकरा. मामा दाराशी उभे, फडकं पिळत. फडकं कोरडं होतं.

बाराला काही मिनिटं असताना हेलकावे हळूच भरायला लागले. पन्नास. मग पन्नासाच्या थोडे वर. दोन्हीकडच्या वीजघरांनी जोर लावला होता. लाइन टिकली होती. गेलेली चार मिनिटं भरून काढायला मला पुढचे तीन आठवडे लागले.

अभ्यासाच्या शेवटी ताईंनी स्वतःच्या हातानं एक पान जोडलं: या पंधरा दिवसांचे आमच्या बाजूचे आकडे धरू नयेत. पुढे आणखी दोन लाइनही झाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून फोनवर नवा आवाज आला, तो आकडा सांगायचा आणि ठेवायचा. ताईंनी काकांसाठी पलीकडे तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, आमचा अंतर्गत मामला आहे म्हणून. निवृत्त होईपर्यंत त्या रोज तोच फोन लावत राहिल्या. लावण्याआधी पाणी प्यायच्या.

आता कक्षात मोठे पडदे आलेत आणि मला संशोधन केंद्राच्या जिन्यापाशी टांगलंय. प्लग अजून आहे. आज मी तेवीस सेकंद मागे आहे. जाणारे-येणारे आपल्या मनगटाकडे पाहतात, मग माझ्याकडे, आणि चुकचुकतात. एखादा नीटनेटका माणूस स्टूल शोधायला लागला की मी त्याच्या हातांकडे बघत राहतो. पुन्हा कुणी मला बरोबर केलं, तर मला पुन्हा बरं वाटेल का? याची मला खात्री नाही, आणि म्हणूनच हे सगळं सांगितलं.

तेव्हा बाबांनो, माझी काच खुशाल पुसा. पण काट्याला हात लावण्याआधी पलीकडे एक फोन करा, आणि तिकडचा माणूस काय सांगतो ते नीट ऐकून घ्या.