उजव्या पायाचा अंगठा

वेणीमाधव मास्तरांनी वाकून दोन बोटांनी सिद्धाप्पाच्या पापण्या मिटल्या, आणि हात काढून घेतल्याबरोबर त्या पुन्हा उघडल्या.

जिन्याच्या तोंडाशी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसलेल्या चन्नम्माने मान फिरवली. शवासन झालं म्हणून काय झालं, नवऱ्याचे डोळे दुसऱ्या कुणी असे मिटावेत हे तिला बघवेना.

वाचनालय दुपारी बंद असे. तेवढ्या वेळात मास्तर माडीवर सतरंज्या टाकून सात-आठ माणसांना निजायला शिकवीत. पैसे घेत नसत, पण शिस्त मात्र शाळेतलीच. चाळीस पोरांना गप्प करणारा आवाज ते शवासनापुरता अगदी मऊ करून आणीत. उजव्या पायाचा अंगठा सैल सोडा. घोटा सैल सोडा. बाकीचे मिनिटाभरात ढिले पडत. एक पोस्टमन तर गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरू लागे. सिद्धाप्पा तेवढा मास्तरांच्या तोंडाकडे टक लावून पडलेला असे, ताठ, मुठी आवळून. आज चौथा दिवस होता आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाभर त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. गिरणीत त्याच्या पाठीमागच्या मागावर मानसिंगाचा हात पट्ट्यात सापडला आणि दोन बोटं गेली, तेव्हापासून. मानसिंग केवढ्यांदा ओरडला, असं सगळं खातं सांगत होतं. सिद्धाप्पा चार पावलांवर होता, पण त्याची पाठ होती. वळला तेव्हा मागावरचं कापड लाल झालेलं त्याने पाहिलं. त्या खडखडाटात कुणाचं कोण ऐकतो, तिथं तर सगळेच ओठांवरून बोलणं ओळखतात, अशी समजूत जो तो घाली. त्याने झोप काही येईना.

दवाखान्याच्या गोळ्या झाल्या, कपाळावर तेल चोळून झालं. परवा तो मागावर उभ्या उभ्या डुलला आणि मागांवर देखरेख करणाऱ्या जॉबरने दंड धरून मागे ओढलं म्हणून हात वाचला. जॉबर वाईट माणूस नव्हता. पुन्हा डुललास तर कायमचा घरी पाठवीन, बोटं तरी राहतील, एवढंच तो म्हणाला होता. काल रस्त्याने चालताना सिद्धाप्पा टांग्याखाली यायचा राहिला. म्हणून आज चन्नम्मा डबा घेऊन बरोबर आली होती. या आठवड्यात साडेतीनची पाळी; तीनला गिरणीचा भोंगा व्हायचा. त्याआधी अर्धा तास तरी त्याला झोप लागावी, एवढंच ती मघापासून सिद्धेश्वराला विनवत होती.

"तुम्हाला बरं व्हायचंय की नाही?" मास्तर त्याच्यासमोर उकिडवे बसले. "डोळे उघडे ठेवून झोप येते का कुणाला?"

सिद्धाप्पा उठून बसला. त्याचा चेहरा रडायला आल्यासारखा झाला होता.

"मास्तर, पाया पडतो तुमच्या. मी मिटतो की डोळं. पर मिटलं की तुमी बोलायचं थांबू नका."

"मी कधी थांबलो?"

"थांबता की. मी मिटलं का तुमी गप. आन् मग तितं नुस्तं माग सुरू हुत्यात. खडखड खडखड. त्याच्यात कसा निजू मी?"

दोघेतिघे कोपरांवर उठले. मास्तर एक क्षणही थांबत नाहीत, असं त्यातल्या एकाने हळूच सांगितलं. मास्तर उठून खिडकीशी गेले, रस्त्याकडे तोंड केलं आणि वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात त्यांनी सिद्धाप्पाला त्याचं गाव विचारलं.

सिद्धाप्पा मास्तरांच्या पाठीकडे बघत राहिला. मास्तर वळून काहीतरी बोलतील म्हणून तो अदबीने वाट बघत होता.

मग सगळे आपल्याकडेच बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं. मास्तर वळले होते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा, सावकाश, तोंड समोर ठेवून विचारला.

"अक्कलकोटाकडचा," तो म्हणाला, आणि बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. "मंजी मानसिंगानं हाका मारल्या असत्याल मला."

मास्तर परत येऊन त्याच्यासमोर बसले.

"पर भोंगा येतोय की मला ऐकू," तो एकदम म्हणाला. "सव्वीस वर्सं झाली. पहिल्या पाळीला भोंग्यावर उठतो. एक खाडा न्हाय. इचारा हिला."

सगळ्यांनी चन्नम्माकडे पाहिलं.

"व्हय," ती म्हणाली. "येतोय की."

तिने डबा बाजूला ठेवला, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि परक्या पुरुषांमधून वाट काढत आत आली. चारचौघांत नवऱ्याच्या अंगाला हात लावायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने खुणेने त्याला आडवं केलं आणि पायाशी बसून मास्तरांना सांगितलं, की तुम्ही नाव घ्या, मी हात ठेवते.

"उजव्या पायाचा अंगठा," मास्तर म्हणाले.

चन्नम्माने घोटा धरला. तिला कळलं नसेल असं वाटून मास्तरांनी पुन्हा अंगठा म्हटलं, तर तिने नाही म्हणून मान हलवली. ते पुढे गेले. पोटरी. गुडघा. मांडीशी ती थबकली, पदर आणखी ओढला आणि हात ठेवला. सिद्धाप्पाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि आपणहून डोळे मिटले. मुठीपाशी मात्र फार वेळ लागला. एकेक बोट उलगडावं तर मागचं पुन्हा वळे. मास्तर तेच तेच सांगत राहिले, ती तेच तेच करत राहिली. शेवटी तो पंजा तिच्या हातात आला तो सैल, निर्जीव वाटावा इतका जड. घाबरून तिने छातीकडे पाहिलं. छाती संथ हलत होती.

बाकीची माणसं चपला हातात घेऊन खाली उतरली. पोस्टमन तेवढा अजून घोरत होता.

तीनला भोंगा झाला. गिरणी जवळच होती. तावदानं थरथरली, पोस्टमन दचकून उठला आणि टोपी शोधू लागला. सिद्धाप्पाची पापणीसुद्धा हलली नाही.

"पाळीची वेळ झाली," मास्तर म्हणाले. "उठवा त्यांना."

चन्नम्माचा हात उजव्या पायाच्या अंगठ्याकडे गेला आणि वरच थांबला.

"पहाटचा भोंगा झाला की मी ह्यो दाबते," ती खाली बघत म्हणाली. "सव्वीस वर्सं. त्यास्नी वाटतंय भोंग्यानं जाग येती."

तिने हात मागे घेतला आणि सतरंजीचं टोक ओढून तो पाय झाकला. मास्तरांनी दाराला लावायला काढलेलं कुलूप पुन्हा टेबलावर ठेवलं.