पाकिटातली दुसरी फिल्म

मला उजेडासमोर धरल्याशिवाय माझ्यातलं काही कळत नाही. आता तशी धरली आहे असं समजा आणि ऐका. मी सीटी स्कॅनची फिल्म. काळी, गुळगुळीत, बऱ्यापैकी मोठी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरच्या पावसाळ्यात कोल्हापुरातल्या एका तपासणी केंद्रात माझा जन्म झाला. माझी थोरली बहीण माझ्याआधी यंत्रातून बाहेर पडली होती. आम्हा दोघींना एकाच पाकिटात घातलं.

आमच्यावर दानम्माचा चेहरा होता. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात ती पिठाची गिरणी चालवायची. तीस वर्षं गिरणीवर आवाज चढवून बोलल्यामुळे हळू बोलणं तिला ठाऊकच नव्हतं. कोरोनातून ती उठली, पण साखर वाढलेलीच राहिली. महिन्याभरात वरचे डावीकडचे दात हलायला लागले. गालाला हात लावला तरी कळेना. दाताच्या डॉक्टरांनी दात काढायचं नाकारलं आणि आधी स्कॅन करायला पाठवलं.

थोरलीवर कपाळ आणि मेंदू आला, सगळं ठाकठीक. माझ्या वाट्याला चेहऱ्याचे समोरून घेतलेले काप आले. डाव्या गालामागची पोकळी हवेनं काळी दिसायला हवी होती, ती करडी भरलेली होती. दातांवरचं हाड कडेनं कुरतडलेलं होतं. हे काळ्या बुरशीचं काम. जाणकाराच्या हे एका नजरेत ध्यानात आलं असतं. आम्ही लगेच हातात पडलो, लेखी रिपोर्ट मात्र दुसऱ्या दिवशी मिळणार होता.

दानम्माच्या मुलाला, अमरेशला, तेवढा दम कुठला! घरी येताच त्यानं थोरलीला खिडकीच्या काचेवर दाबून धरलं, मोबाइलवर फोटो काढला आणि मावसभाऊ प्रभुलिंगला पाठवला. प्रभुलिंगचं गडहिंग्लजला औषधांचं दुकान. अख्ख्या घराण्यात दवाखान्याशी संबंध आलेला तो एकटाच, म्हणून सगळ्यांचा डॉक्टर तोच. अमरेशनं मलाही अर्धवट बाहेर ओढलं होतं.

"दोन्ही सारख्याच की," असं पुटपुटत त्यानं मला परत आत सारलं.

पाचच मिनिटांत प्रभुलिंगचा फोन आला. "मेंदू साफ हाय. सायनस असंल. मावशीला वाफ घ्याला सांग, गोळ्या पाठवतो."

पाकिटात बसून मी हे ऐकत होते. ओरडता आलं असतं तर दानम्माच्या वरताण ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी केंद्रातून फोन आला. पलीकडची बाई सांगत होती, "रिपोर्ट आजच न्या आणि डॉक्टरांना लगेच दाखवा."

"व्हय व्हय, येतो की दोन दिसांत," अमरेश म्हणाला.

"काय म्हनत्यात रं?" दानम्मानं विचारलं.

"काय न्हाय अव्वा. रिपोर्ट न्या म्हनत्यात. प्रभुलिंगनं बघितलंय की."

मग पुराचं पाणी रस्त्यावर आलं आणि आठ दिवस वाट बंद झाली. पाणी ओसरलं तर गिरणीत गुडघाभर गाळ. तो काढण्यात आणखी दिवस गेले. दानम्मा गाल धरून गाळ उपसत होती आणि मी कपाटावर पडून होते. माझ्यावरचं हाड होतं तेवढंच राहिलं, तिचं रोज थोडं थोडं जात होतं.

एकोणिसाव्या दिवशी तिची डावी पापणी मिटली ती उघडेना. मग धावाधाव झाली. मोठ्या दवाखान्यात नवा स्कॅन झाला, नवी फिल्म निघाली. सर्जननी दिव्याच्या पाटीवर आम्हाला शेजारी शेजारी लावलं. नवीवर दातांवरचं हाड जवळजवळ उरलंच नव्हतं आणि करडेपणा डोळ्याच्या खोबणीत शिरला होता.

सर्जननी माझ्यावरची तारीख वाचली. "ही काढली तेव्हाच का नाही आलात? तेव्हा डोळा वाचवता आला असता."

मला अमरेशचा संताप आला होता, अजूनही येतो. पण मला पाकिटात घालताना तो माझ्यावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचत होता, तेही मी पाहिलंय.

डावा वरचा जबडा, टाळू आणि डोळा काढावा लागला. दानम्मा वाचली. आता टाळूला प्लेट बसवलेली असते, ती काढली की पाणी नाकातून येतं. बोलणं नाकात जातं. गिरणीवर लोक दोन-दोनदा विचारायचे, "काय म्हंतासा?" मग तिनं गिरणीत जाणंच सोडलं. पण भेटायला कुणी आलं की प्रत्येक शब्द ओढून काढत सांगते, "लेकानं वाचीवलं मला." ते ऐकलं की अमरेश उठून बाहेर जातो.

गेल्या सोमवारी तो बाहेर गेला नाही. पाहुणे गेल्यावर त्यानं पाकीट काढलं, मला परसात उन्हात धरलं आणि आईला सगळं सांगितलं. थोरलीचा फोटो, केंद्रातून आलेला फोन, सगळं.

दानम्मा काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. तिनं परत विचारलं, "माझा डोळा कुठला ह्यात?"

अमरेशनं दाखवला. तिनं त्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसली. तो रडत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

तेव्हापासून मी तिच्या लुगड्यांच्या घडीत असते. जुन्या फिल्म भंगारवाला घेतो, त्यातून चांदी निघते म्हणतात. उद्या तिच्या माघारी कुणी कपाट आवरेल आणि मला गोणीत टाकेल. माझं एवढंच मागणं आहे, मला भंगारवाल्याला देऊ नका. दानम्माचा तो धड डोळा आता माझ्याशिवाय कुठेच नाही.