गुलाबी होईपर्यंत

"विज्ञानासमोर कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही!" सलिल साहेबांनी जाहीर केलं आणि महिपतला आपली खुर्ची पुसायला सांगितलं.

महिपतनं पुसली. रत्नागिरीच्या त्या प्रयोगशाळेत तो सव्वीस वर्षं परिचर होता. जंतूंचं खाणंपिणं रांधायचं आणि त्यांचं जेवण आटोपलं की भांडी घासायची, हे त्याचं काम. बायको, हौसा, म्हणायची, "घरात कधी भात नाय लावलात, आणि तिथं किड्यांना वेळेवर वाढता!"

साहेब येऊन चार महिने झाले होते. त्यांच्यासमोर काचेची बशी होती. तिच्यातल्या लाल थरावर काळ्या पोटाचे ठिपके उगवले होते.

"साल्मोनेला. पुस्तकात आहे तस्सा. चार वाजता फॅक्स पाठवतो."

तपासायला आलेली कोंबडी संगमेश्वरजवळच्या बिल्किसच्या शेडमधली. एका लग्नात जेवून चाळीस पाहुणे आडवे झाले होते आणि रश्श्यातल्या कोंबड्या तिच्याकडच्या होत्या. नवरा बोटीवर गेला तो परतलाच नाही, तेव्हा तिनं ती शेड उभी केली होती. फॅक्स गेला की उद्या सहाशे पक्षी खड्ड्यात. ती सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून होती.

"साहेब, मला ह्याच्या वासाचा संशय येतोय," महिपत म्हणाला.

"बशीचा वास घेऊ नये, अशी पाटी लावलीय ना?"

"पाटी मीच लावली, साहेब. नाक आधीपासून हाय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "प्रोटियस नावाचा जंतूपण असाच काळा उगवतो. तोंड सारखं, घर निराळं. युरियाच्या नळीत घालून बघूया? गुलाबी झाली तर हा साल्मोनेला नव्हे."

"तुम्ही मला शिकवणार?"

"छे छे. मी नुसत्या नळ्या आणून ठेवल्यात."

पाच ठिपके, पाच पिवळसर नळ्या. साहेबांनी तारेनं एकेक ठिपका उचलून नळ्यांत घातला, नळ्या उबेसाठी इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या आणि तासाभरात लाइट गेली. जनरेटर होता; त्याचं डिझेल मंजुरीसाठी वर गेलं होतं.

महिपतनं स्टोव्ह पेटवला, पातेल्यात पाणी कोमट केलं आणि त्यात कोपर बुडवलं.

"हे काय?"

"सदतीस डिग्री, साहेब. तिन्ही पोरांच्या आंघोळी मीच घातल्यात."

साहेबांनी थर्मामीटर लावला. सदतीस. त्यांनी तो झटकला, पुन्हा लावला. सदतीसच. नळ्या पातेल्यात उभ्या राहिल्या. दर दहा मिनिटांनी कोपर आत, वाटीभर गरम पाणी वरून.

बिल्किस दारात आली. "महिपतभाऊ, काय दिसतंय?"

"पिवळं."

"पिवळं बरं की वाईट?"

"वाईट. गुलाबी व्हायला हवं, भाभी."

"या अल्ला! आजवर पोरांसाठी दुवा मागितली, पावसासाठी मागितली. रंगासाठी पयल्यांदाच मागतेय." ती परत बाकावर जाऊन बसली.

दोन वाजता काही नाही. अडीचला काही नाही. साहेबांनी फॅक्सचा कागद टाइप करून तयार ठेवला. तीन वाजता पहिल्या नळीची कड पाणी घातलेल्या कोकम सरबतासारखी झाली. महिपत नुसता बघत राहिला. न जाणो, बोललं तर रंग परत फिरायचा. पावणेचारला पाचही नळ्या गुलाबी होत्या. त्याच कोंबडीची दुसऱ्या खाद्यावर लावलेली आणखी एक बशी होती; तिच्यावर तर संशयापुरतंही काही उगवलं नव्हतं.

साहेबांनी टाइप केलेला कागद फाडला. छापील फॉर्म काढला, भरला, सही केली. फॉर्मवर महिपतच्या नावाला रकाना नव्हता. तो शिक्क्याची शाई वाळावी म्हणून फुंकर घालत होता.

बिल्किसनं कागद दोन्ही हातांनी घेतला आणि एकेक अक्षर लावून वाचलं. "साल्मोनेला... अनुपस्थित. म्हंजे आज आला नाय?"

"म्हणजे सापडला नाही," साहेब म्हणाले.

"पोर शाळेत नाय गेलं की मास्तर हेच लिवतो, सायेब. उद्या येतंच ना ते! गावातली लोकं मला काय बोलतील?"

"बाई, शासकीय शब्द आहे तो. बदलता येत नाही."

बिल्किसनं मान हलवली आणि कागद साहेबांपुढे न ठेवता महिपतपुढे ठेवला. महिपतनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडून ते महिपतपुढे टेबलावर ठेवलं आणि ते खिडकीबाहेरचं काजूचं झाड बघू लागले.

"भाऊ," बिल्किस हळूच म्हणाली, "बाजूला बारीक अक्षरात तेवढं लिवा ना, 'आलाच नव्हता'."