डावं-उजवं करणं हाच माझा धंदा

कुणावर भरवसा ठेवावा, सांगा बरं? चार दशांश स्थळांपर्यंत आकडा फेकणाऱ्यावर, की एक डोळा मिटून "साधारण इकडे आहे" म्हणणाऱ्यावर? घाई नाही. आधी बसा, ऐका, मग ठरवा. गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या माल दाखवायची माझी रीत नाही.

मी ध्रुवणमापी बोलतोय. नावाला दचकू नका. ठेवणाऱ्यांनी मला विचारलं नव्हतं. दिसायला मी आडवी ठेवलेली पितळी दुर्बीण. एका टोकाला पिवळा दिवा, दुसऱ्या टोकाला माणसाचा डोळा, मधे काचेची नळी. नळीत पातळ पदार्थ भरायचा. दिव्याचा उजेड मी आधी शिस्तीत एका पातळीत आणतो. मग पदार्थ ती पातळी डावीकडे वळवतो की उजवीकडे, आणि किती, ते चकतीवर वाचायचं. लोक ज्याला वाईट खोड म्हणतात ते डावं-उजवं करणं हाच माझा धंदा, आणि त्यात मी कधी कुणाची भीड ठेवली नाही.

माझे पहिले मालक मधाचे व्यापारी. बहुतेक अस्सल मध उजेडाला डावीकडे वळवतो. त्यात साखरेचा पाक ओतला की तो हळूहळू उजवीकडे सरकतो. एकदा एक गृहस्थ पिंप घेऊन आले आणि मुलाबाळांच्या शपथा घेऊ लागले. मालकांनी थेंबभर पाण्यात कालवून माझ्यात घातला, डोळा लावला आणि विचारलं, "काय हो, तुमचा मध उजवीकडे का वळतो?"

गृहस्थ छाती काढून म्हणाले, "म्हणजे काय! चांगल्या वळणाचा आहे!"

मालक इतके हसले की त्यांनी त्या माणसाला चहा पाजला. पिंप मात्र परत न्यायला लावलं. बोलणं, बसवणं, हसत हसत नाही म्हणणं, सगळं मी त्या दुकानात शिकलो. पुढे दुकान आवरलं आणि मी जुन्या सामानाच्या ढिगात पडलो. तिथून मला बाईंनी उचललं. चिमटा, तिपाई आणि मी, असा एकगठ्ठा सौदा.

बाई म्हणजे सेंद्रिय रसायनशास्त्रातलं मोठं प्रस्थ. पाहुणा आला की त्या सांगत, "काही रेणू बुटांच्या जोडासारखे असतात. एक डावा, एक उजवा. दिसायला सारखे. डावा पाय उजव्या बुटात घालून दोन गल्ल्या चालून या, माझं संशोधन तुम्हाला समजेल." पाहुणा आपल्या बुटांकडे बघत निघून जाई.

त्यांचं काम कडी जुळवण्याचं. चार अणूंची एक रांग आणि दोन अणूंची एक जोडी समोरासमोर आणायची. दोघांनी दोन्ही टोकांनी एकदम हात धरले की सहा जणांचं कडं तयार. याला चक्रीय समावेशन म्हणतात. मी आपला कड्याची सोयरीक म्हणतो. बाईंची युक्ती अशी, की जोडी घ्यायची ती साखरेपासून बनवलेली. साखरेच्या अंगाची ठेवण मुळातच एकांगी. ती एका बाजूने वाट अडवून बसते. त्यामुळे रांगेला मोकळ्या बाजूनेच यावं लागतं, आणि कडं हवं त्याच घडणीचं मिळतं. अशा जुळणीतून निघालेले या घराण्यातले सगळे पदार्थ कडक डावे.

आणि मग आला सढळ. आईबापांनी ठेवलेलं नाव कुणी वापरत नसे. हा बाईंचा संशोधक विद्यार्थी. मीठ असो, द्रावक असो, झाकण आवळणं असो, सगळं सढळ हाताने. त्याने नवीन कडं बनवलं, भरपूर बनवलं, आणि एवढं आहे तर कंजूषपणा कशाला म्हणून पाकासारखं दाट द्रावण माझ्या लांब नळीत ओतलं. डोळा लावला. पाच अंश, उजवीकडे.

"बाई! उजवं!"

बाई धावत आल्या, डोळा लावून गेल्या. कडक डाव्या घराण्यात हलकं उजवं! म्हणजे रांग बंद बाजूने आत शिरली! जे होत नाही असं सगळे मानत होते, ते सढळच्या हातून झालं. खात्री करणारं मोठं चुंबकाचं यंत्र नेहमीप्रमाणे दुरुस्तीला होतं. पण तोवर थांबायला दम कुणाला होता?

दम फक्त बाईंच्या यजमानांना होता. ते संगणकावर रेणू मांडून बसतात. हाताला डाग म्हणून नाही. ते म्हणाले, "अगं, माझ्या गणितात बंद बाजूने मुंगी शिरत नाही."

"अहो, तुमच्या गणितात परवा दूधसुद्धा उतू गेलं नव्हतं. ओटा मी पुसला."

लेख लिहिला गेला, स्वीकारला गेला. त्याच्या जोरावर एका संस्थेने सढळला जागा देऊ केली. पदवी, नोकरी, नाव, सगळं त्या पाच अंशांवर टांगलेलं. आणि इकडे मी पोटात गोष्ट घेऊन बसलेलो. खोटं मी बोललो नव्हतो. मला प्रश्नच अर्धा विचारला होता.

असं बघा. दोन्ही टोकं सारखी असलेली एक काठी टेबलावर ठेवा. ती उजवीकडे पाच अंश फिरवा. किंवा डावीकडे एकशे पंचाहत्तर फिरवा. काठी दिसायला तिथेच येते. उजेडाची पातळी म्हणजे तीच काठी. सढळच्या दाट पाकाने तिला डावीकडे जवळजवळ अर्धा फेरा फिरवलं होतं. घराण्यासारखंच, कडक डावं. चकतीवर मात्र ते हलकं उजवं दिसत होतं.

छापण्याआधी संपादकांनी एवढंच कळवलं, की वाचन पुन्हा एकदा घ्यावं. सढळ शीळ घालत आला. तेच दाट द्रावण भरलं, झाकण आवळलं, सढळ हाताने, आणि लांब नळीच्या टोकाची काच तडकली. "जाऊ दे," म्हणत त्याने निम्म्या लांबीची नळी घेतली. आता पाचाचे अडीच दिसायला हवे होते. त्याने डोळा लावला आणि शीळ थांबली. चकती डावीकडे काटकोनाच्या अगदी जवळ उभी होती.

त्याने नळी धुतली, पुन्हा भरली. तेच. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. अडीच लिहून मोकळं होता आलं असतं. नाव माझं घेतलं असतं आणि मी काय बोलणार? तो स्टुलावर बसला आणि त्याने फोन लावला.

"आई, तो शोध आहे ना, तो लागला नाही."

"हरवला?"

"लागलाच नव्हता गं."

"बाईंना सांगितलंस?"

"नाही. अजून फक्त मलाच माहीत आहे."

"मग एकट्याने कशाला वागवतोस ते? सांगून ये जा. आवाज कसा झालाय बघ तुझा. जेवलास का?"

तो बाईंना घेऊन आला. मागोमाग यजमानही आले. बाईंनी चष्मा काढून बराच वेळ डोळा लावला.

"अर्धी नळी?"

"हो बाई. पातळ करूनही बघितलं. पातळ करत जावं तसा आकडा डावीकडूनच शून्याकडे उतरतोय."

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

त्याने माझ्याकडे बोट केलं. "फक्त याने."

"हा काही कुणाला सांगायचा नाही," बाई म्हणाल्या. त्या क्षणी माझ्या दिव्याचासुद्धा जीव वरखाली झाला. मग त्यांनीच मान हलवली. "पातळ करून बघा, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवते रे. आणि माझ्याच नाकासमोर... संपादकांना मी लिहिते. लेखावर माझं नाव आहे, चूकही आधी माझी."

यजमान म्हणाले, "मी तर म्हटलंच होतं—"

"अहो, आज नको."

ते खरोखरच गप्प बसले. संगणकाला जमलं नसतं.

लेख मागे घेतला. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी गेली. सढळचं एक वर्ष वाढलं, आणि हात थोडा आखडला. शेवटी पदवी मिळाली ती साध्या, डाव्या, घराण्याला शोभेल अशा कड्यावर. समारंभात त्याची आई बाईंना विचारत होती, "डावं निघालं म्हणजे काही वाईट असतं का हो?" बाई म्हणाल्या, "मुळीच नाही. उगाच उजवं म्हणणं वाईट."

आता माझ्या जागेवर नवं यंत्र आहे. बटण दाबलं की चार दशांश स्थळं. काठीची ती अडचण त्यालाही आहे, पण सांगतो कोण? त्याला बोलायची सवय नाही, नुसता आकडा दाखवतो. मी वरच्या फळीवर असतो. माझ्यावर कुणी अंगरखा टाकतं, कुणी डबा ठेवतं. तक्रार नाही, मध्यमवर्गात म्हातारपण असंच जातं म्हणे.

निघताना एवढं ऐकून जा. तुमचा धंदा काय असेल तो असो. हिशेब मांडाल तेव्हा आकड्याआधीचं चिन्ह नीट लिहा, आणि मनासारखं उत्तर आलं की तेच निम्म्या मापाने एकदा पुन्हा विचारा. उणे निघालं तर उणे लिहा. बघणारं कुणी नसेल, तेव्हा तर नक्कीच लिहा.