मक्याच्या काणीची सोयरीक

“एका घरचं विरजण दुसऱ्या घरच्या विरजणात कधी मिसळू नये. मिसळलंस, की दोन्ही नासली म्हणून समज.”

हे ओब्दुलियाच्या वडिलांचं सांगणं. ते घायपाताच्या रसाची पुल्के करायचे. दुधासारखी पांढरी, आंबूस, थोडीशी चढणारी. पुल्केलाही विरजण लागतं, आणि त्यांच्या घरचं विरजण पिढ्यान्‌पिढ्या एकाच रांजणात जपलेलं होतं. वडील गेले. रांजण धाकट्या निकानोरकडे आला आणि हे सांगणं मात्र बहीण-भाऊ दोघांकडे राहिलं. मित्रांनो, त्यात खोटं काही नव्हतं. पण ते पुल्केसाठी होतं. या दोघांनी ते मला लावलं, आणि त्यातून जे घडलं तीच माझी गोष्ट.

मी मक्यावरची काणी. तुमच्याकडे ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी निघते ना, ती माझी लांबची बहीण. ऊस म्हणा, ओट म्हणा, गवताच्या कुळातल्या बहुतेकांच्या घरी आमच्यापैकी कुणीतरी न बोलावता जाऊन बसलेली असते. मी मात्र मक्याची, आणि मक्याचा जो रानटी भाऊ आहे, आसेसे नावाचा, त्याची. मका जिथे पहिल्यांदा माणसाळला त्या मेक्सिकोत, बर्फाच्या दोन डोंगरांच्या पायथ्याशी माझं माहेर आहे. त्यातला एक डोंगर अधूनमधून धूर सोडतो. गावात कुणी मान वर करून पाहत नाही.

माझा जन्म असा. मी कोवळ्या कणसात शिरते. दाणा फुगत जातो, करड्या कातडीची मऊ गाठ होते आणि आत मी काळी होत जाते. गाठ फुटली की भुकटी होऊन मातीत पडते आणि झोपते. पुढच्या पावसाळ्यात जागी होते ती एक नव्हे, अनेक होऊन. त्यातली एकेकटी अगदी निरुपद्रवी असते. थेंबभर पाण्यात वाढेल, पण पानात शिरायचं बळ तिला नाही. त्यासाठी जोडीदार लागतो, आणि आमच्यात सगोत्र चालत नाही. अगदी आपल्यासारखीच दुसरी शेजारी येऊन बसली, तरी आम्ही एकमेकींकडे ढुंकून पाहत नाही. वेगळ्या वाणाची भेटली तरच सोयरीक जुळते, आणि मगच मक्याचं दार उघडतं. देवाने आम्हाला असं का केलं ते मला ठाऊक नाही. पण त्यामुळेच आमची घराणी पुष्कळ झाली. एकाच कणसावरच्या दोन गाठी फोडून पाहिल्या, तरी त्यांत वेगवेगळी घराणी निघू शकतात.

गावात माझं कौतुक होतं, एके काळी. तिथे मला वित्लाकोचे म्हणतात. पावसाळ्यात बायका कोवळ्या गाठी खुडून आणायच्या, कांदा-मिरची आणि एका उग्र वासाच्या पाल्याबरोबर परतायच्या आणि मक्याच्या भाकरीत घालून तव्यावर दुमडायच्या. मग नवं बियाणं आलं, फवारे आले, आणि मी रोग ठरले. निकानोर दरवर्षी माझी कणसं वेचून जाळायचा. तो चुकत होता असं मी म्हणणार नाही. मी त्याचे दाणे खात होते. हळूहळू कमी होत एका वर्षी त्याच्या शेतात मी औषधालाही उरले नाही.

आणि त्याच वर्षी मी हवी झाले.

झालं होतं असं. थंडीत निकानोरला न्यूमोनिया झाला. श्वास घेता येईना. ओब्दुलिया त्याची थोरली बहीण, विधवा, त्याच्याच घरात राहणारी. तिने मारिया माउलीसमोर मेणबत्ती लावली आणि नवस बोलली: हा उठला, तर तुझ्या उत्सवाचं यजमानपद आपल्या घरी घेईन, आणि आई घालायची तसं मिरवणुकीतल्या प्रत्येकाच्या हातावर वित्लाकोचेची भाकरी ठेवीन. निकानोर उठला. नवस ऐकून म्हणाला, “अक्का, मला विचारून बोलायचा होतास. कोंबडीचा बोलली असतीस तर काय माउली रागावली असती?”

पण बोललेला नवस बदलता येत नाही. उत्सव ऑगस्टच्या मध्यावर. गाव मोठं, आणि शेतात मी नाही.

निकानोरची मुलगी आन्सेल्मा शेतकी कॉलेजात शिकत होती. तिने आत्याची काळजी ओळखली. जुलैच्या सुरुवातीला येताना तिने कॉलेजातून काचेच्या दोन झाकणबंद बशा आणल्या. एकेका बशीत थिजलेल्या खळीवर पांढुरका ठिपका. एका ठिपक्यात मी होते, दुसऱ्यात दुसऱ्या वाणाची एक. तिने आत्याला नीट सांगितलं, की दोन्ही गोड पाण्यात वाढव, मग एकत्र कर, आणि कणसाला केस फुटले की ते पाणी इंजेक्शनच्या सुईने शेंड्यात टोच. आणि परीक्षेला निघून गेली.

दोन्ही पाणी छान गढुळलं. माझं जरा जास्त दाट होतं. ओब्दुलिया दोन भांडी पुढ्यात घेऊन बसली तेव्हा निकानोर दारात उभा होता. मिसळू का, असं तिने तोंडाने विचारलंही नाही, नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

“पोरगी शिकलेली आहे,” तो म्हणाला, “पण रांजणाजवळ कधी बसलेली नाही. अक्का, दाट आहे ते घे. दुसरं टाक. मिसळलंस आणि नासलं, तर पुन्हा करायला वेळ कुठे आहे?”

तिलाही तेच वाटत होतं. दुसरं भांडं तिने बाहेर घायपाताच्या बुंध्याशी ओतलं, त्याची बशीही उकळत्या पाण्यात घातली. मग माउलीचं नाव घेत ती खालच्या शेतातल्या कणसाकणसाला सुई टोचत गेली. तिचा रोजचा जपही त्या ओळींत झाला. मी लाखोंनी आत गेले. पण लाखोही मीच होते. एकीसारखी दुसरी. आम्ही तिथे नुसत्या बसून राहिलो, लग्नघरात नवरीकडचेच सगळे जमावेत तशा.

ती रोज सकाळी कणसं चाचपायची. गाठ येईना. दाणे मात्र सरळ ओळीत भरू लागले, निकानोरला नेहमी हवे असायचे तसे. त्या वर्षी त्याला ते बघवेनात.

आन्सेल्मा परतली तेव्हा आत्याने काही लपवलं नाही. मुलीला हसू आलं, आत्याचा चेहरा पाहून ते तिने गिळलं. म्हणाली, “आत्या, पुल्केचं विरजण एकटं नांदतं. हिला नवरा लागतो.” निकानोर उठून बाहेर गेला. खालच्या शेतातल्या कणसांचे केस केव्हाच वाळले होते. मात्र वरची पट्टी गारपिटीनंतर दुसऱ्यांदा पेरलेली होती, तिथे केस आता कुठे फुटत होते. माझं पाणी घरात होतं. जोडीदार नव्हता, आणि कॉलेजला सुट्टी लागली होती.

जोडीदार होता तो लेओकादियाच्या बांधावर. लेओकादिया शेजारीण. दोघांच्या सामाईक बांधावर आसेसे उगवायचं. कोवळं असताना ते हुबेहूब मक्यासारखं दिसतं, म्हणून निकानोर ते तण म्हणून उपटायचा. ती गाईसाठी राखायची. यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. आपल्या बाजूचं आसेसे तिने कुणाला हात लावू दिलं नव्हतं, आणि त्याच्या पानांवर आमच्या काळ्या गाठी दरवर्षी यायच्या. त्या रानातल्या. किती घराणी त्यात, ती मीही मोजलेली नाहीत.

ओब्दुलिया तिच्याकडे गेली. निकानोर तिच्या मागे कुंपणापर्यंत गेला आणि थबकला.

“तो बाहेर का उभा?” लेओकादिया म्हणाली. “आत ये म्हणावं. माझी गाय चावत नाही, तिला उपटायचीही सवय नाही.”

तो आत आला. ओब्दुलियाने नवसापासून सगळं सांगितलं. लेओकादियाने ऐकून घेतलं, बांधावरून गाठी आलेली पानं आणली, पण हातातच धरून ठेवली. मग ओब्दुलियाला सोडून ती निकानोरशी बोलली.

“बांध माझाही आहे. यापुढे आसेसे उपटायचं नाही. आणि यातून जे पिकेल त्यातली चार कणसं तोडायची नाहीत. काळी होऊन फुटू द्यायची, आणि ती भुकटी या बांधावर आणून टाकायची. अक्काने नव्हे. तू.”

“आणतो,” निकानोर म्हणाला.

गाठी चुरडून गोड पाण्यात घातल्या, आणि या खेपेला ओब्दुलियाने स्वतःच्या हाताने ते पाणी माझ्यात ओतलं. मनातल्या मनात ती वडिलांची माफी मागत असावी. नासलं काहीच नाही. त्या गर्दीत मला परक्या घरचा कुणीतरी मिळाला. वरच्या पट्टीत सुई फिरली आणि त्या चिमूटभर जागेत आमच्या इतक्या सोयरिकी झाल्या, की उत्सवाच्या आधीच कणसांच्या सालपटांतून गाठी बाहेर डोकावू लागल्या.

पट्टी लहान होती. मिरवणूक लांब होती. चार कणसं निकानोरने चिंधी बांधून वेगळी राखली होती. ओब्दुलियाने भाकऱ्या अर्ध्या केल्या, मग पाव केल्या. रांगेत अजून माणसं दिसत होती तेव्हा वाढणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, की वर चार टपोरी कणसं आहेत, तोडली तर सगळ्यांचं भागेल. ओब्दुलियाने भावाकडे पाहिलं. नवस तिचा होता, आणि तो त्याच्याच श्वासासाठी होता.

“ती माझी नाहीत,” निकानोर म्हणाला, आणि रांगेतून आपली जागा सोडून बाजूला झाला.

तिने घास आणखी लहान केले. शेवटच्या म्हाताऱ्याच्या तळहातावर बोराएवढा तुकडा पडला, पण पडला. मग तिने गुडघे टेकून माउलीला सांगितलं, की बोलले होते तेवढं झालं. निकानोरने कोरड्या भाकरीने भांडं पुसून घेतलं. म्हणाला, “नवस माझ्यासाठी, तर खरवडही माझीच.” लेओकादिया रांगेत येऊन गेली होती. आपला तुकडा तिने तिथेच उभं राहून खाल्ला.

मित्रांनो, मला शेतात मोकाट सोडा असं मी म्हणत नाही. मी दाणा खाते, तुम्हाला दाणा हवा असतो. जिथे मी नको तिथून मला जरूर काढा. पण बांधाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला जे गवत आपलं आपण उगवतं, ते सरसकट साफ करू नका. त्यात कुणाची कुणाची घराणी राहतात. एकाच वाणाचं कितीही दाट जमवलं, तरी एखादे वर्षी ते नुसतं बसून राहतं. मग परक्याचं दार ठोठावावं लागतं, आणि ते दार कुणीतरी राखलेलं असावं लागतं.

पाऊस ओसरला तशी ती चार कणसं काळी झाली, कातडी फाटली. एका सकाळी ओब्दुलिया जपाला बसली होती. निकानोरने ती कणसं हळूच खुडून टोपीत ठेवली, भुकटी सांडू नये म्हणून टोपी दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि बांधाच्या चढाला लागला.