दादाची पद्धत

रोबोट पुन्हा डावीकडे सरकला आणि खांबाला धडकला. त्याच्या पंज्यातली कडी निसटून गडगडत बाकाखाली गेली. धाकटीने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"दोन्ही अंगठे सारखे दाब," दारातून दादा म्हणाला. गोदामातून तो परस्पर शाळेत आला होता, अंगात अजून कामावरचं जाकीट होतं.

"सारखेच दाबतेय."

"मग तो डावीकडे का जातो?"

"सरळ जा म्हटलं की वाकडं जायचं, अगदी माझ्या भावासारखा आहे," चष्मिष म्हणाली. रोबोटचा प्रोग्रॅम तिने लिहिला होता आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी खांबावर कड्या घालायच्या याच स्पर्धेत शाळेचा रोबोट दादाने चालवला होता आणि संघ जिंकला होता. कंट्रोलरची डावी दांडी डाव्या चाकांची, उजवी उजव्या चाकांची, ही पद्धत त्याने हट्टाने मागून घेतली होती. पुढे वडिलांनी अंथरूण धरलं आणि कॉलेजऐवजी तो गोदामात लागला. दिवसभर फोर्कलिफ्टने खोकी उचलायची, रचायची. शाळेचा संघ आता परत स्पर्धेत उतरत होता आणि चालक होती त्याची बहीण. जिंकलेली पद्धत कशाला बदलायची, म्हणून विज्ञानाच्या बाईंनी त्यालाच शिकवायला बोलावलं होतं.

"आण इकडे," म्हणत त्याने कंट्रोलर घेतला.

रोबोट जागच्या जागी गर्रकन वळला, त्याने बाकाखालची कडी उचलून आणली आणि खांबावर अलगद सोडली. मग दुसरी, मग तिसरी. वर्गातली कुजबुज थांबली. गोदामात त्याच्याकडे कोणी वळून बघायचं ते काही पडलं तरच. त्याने चौथी कडीही घातली, तशी गरज नव्हती तरी.

"बघितलंस? आता तू."

धाकटीने घेतला आणि रोबोट डावीकडे गेला.

"दुसरी पद्धत लावून बघू या का?" चष्मिषने विचारलं. "एका दांडीने पुढे-मागे, दुसरीने फक्त वळायचं."

"ते खेळण्यातल्या गाडीसारखं होतं," दादा म्हणाला. "दोन्ही बाजू आपल्या हातात पाहिजेत. सरावाने जमेल तिला. मलाही लगेच जमलं नव्हतं."

धाकटी खाली बघत म्हणाली, "दादा, तू शेजारी असलास की मी रोबोटकडे बघतच नाही. तुझे अंगठे कसे हलले असते, तेच आठवत बसते."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं नाहीये. मला तुझ्यासारखं येत नाही, आणि माझ्यासारखं मी अजून करूनच बघितलेलं नाही."

दादा पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडला. नळाशी बाई त्याच्या मागोमाग आल्या.

"तिच्या बोलण्याचं मनावर घेऊ नकोस रे."

"नाही बाई." त्याने तोंडावर पाणी मारलं. "खरं तेच बोलली."

आतून मोटरचा आवाज येत होता. सुरुवातीला अडखळला, मग एका सुरात लागला. रोबोट सरळ चालल्याचं त्याला बाहेर उभ्या उभ्या कळलं.

तो आत आला तेव्हा धाकटी नव्या पद्धतीने चालवत होती. रोबोट हळू जात होता, पण वाकडा जात नव्हता. फक्त निघताना हिसका बसायचा आणि कडी पडायची. दादा थोडा वेळ बघत राहिला.

"दांडी अर्ध्यापर्यंत जाईस्तोवर त्याला हळूच चालू दे," तो चष्मिषला म्हणाला. "वेग शेवटी दे. भरलेलं खोकं उचलल्यावर मी तसंच करतो."

तिने आकडे बदलले आणि कडी पंज्यातच राहिली. धाकटीने वर बघितलं, तिचा चेहरा उजळला होता.

"तू पण चालवून बघ ना."

त्याने बघितलं. अंगठे जुन्या वळणाने गेले आणि रोबोट स्वतःभोवतीच फिरायला लागला. सगळे हसले, तोही हसला.

"दोन्ही पद्धती ठेवते," चष्मिष म्हणाली. "हे बटण दाबलं की दादाची चालू."

दादाने बटणाकडे बघितलं. ते धाकटीच्या करंगळीच्या जवळ होतं.

"नको. घाईत चुकून दाबलं जाईल. माझी काढून टाक."

"पूर्ण?"

"हो."

स्पर्धेच्या दिवशी त्याने गोदामातली पाळी बदलून घेतली आणि गॅलरीत मागे उभा राहिला. उपांत्य फेरीत धाकटीचा संघ एका कडीने हरला, पण तोवर तिने मोठ्या शाळांच्या दोन संघांना घरी पाठवलं होतं. त्या शेवटच्या खेळात दादाचे हात जाकिटाच्या खिशात होते आणि आत अंगठे हलत होते, डावा पुढे, उजवा मागे. खाली रोबोट मात्र सावकाश, मोठा वळसा घेऊन खांबाकडे निघाला. त्याने हात खिशातून काढले, कठड्यावर ठेवले आणि ती काय करते ते बघू लागला.